अंगठा तुझ्यासमोर घेतला, पण समजावलं कुणी?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तू बेळगावातल्या एका खासगी दवाखान्यात ३ वर्षं स्टाफ नर्स आहेस. खानापूर तालुक्यातल्या खेड्यातली सत्तरीची आजी, छातीत गाठ, सुई टाकून तुकडा तपासलेला, रिपोर्ट कॅन्सरचा. मुलानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं, 'आईला सांगू नका, गळू आहे म्हणा.' ऑपरेशनच्या आदल्या रात्री दोन वाजता आजीनं तुझा हात धरून विचारलं, 'बाळ, मला काय झालंय गं? खरं सांग.' तू म्हणालीस, 'काही नाही आजी, झोपा.' सकाळी सहाला वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरनी फाइल हातात दिली. मुलाची सही झालेली, आजीचा अंगठा राहिलेला. ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म कानडी आणि इंग्रजीत, आजीला दोन्ही येत नाही. तू अंगठा घेतलास आणि खाली साक्षीदार म्हणून सही केलीस. ऑपरेशन झालं, आणि आता आजी भिंतीकडे तोंड करून पडते आणि तुझ्याशी बोलत नाही. तू विचारतेस, मी खोटं बोलले का, सही करायला नको होती का, आणि पुढच्या वेळी नोकरी सांभाळून काय करायचं?

मी निपाणीकडची. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, मिरजेला केला, मग या भागातल्या वॉर्डांत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची ९ इनचार्ज म्हणून. तेव्हा मी त्या इनचार्जच्या खुर्चीतही बसलेली आहे आणि तुझ्या जागी तर कितीदा उभी राहिले त्याला हिशेब नाही. अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

तुला वाटतंय की प्रश्न 'सांगायचं की नाही' असा आहे. माझ्या मते तो तसा नाही. कॅन्सर आहे हे आजीला पहिल्यांदा सांगणं हे तुझं काम नव्हतंच. ते ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचं काम. रात्री दोन वाजता, एकटीनं, पुढच्या उपचारांबद्दल काहीही ठाऊक नसताना तू सांगून टाकलं असतंस, तर ते मला अजिबात आवडलं नसतं. चुकलं ते वेगळंच. आजीचा प्रश्न तुझ्यापर्यंत आला आणि तुझ्यापाशीच संपला. सकाळी ड्यूटी बदलताना हँडओव्हरला तो कुणाला सांगितला गेला नाही, नोट्समध्ये लिहिला गेला नाही, सर्जनच्या कानावर गेला नाही. आणि चार तासांनी त्याच आजीला सगळं समजलं आहे असं म्हणणाऱ्या कागदावर तुझी सही आली. ती सही तुला टोचतेय, कारण आजीला काहीच समजलेलं नव्हतं हे वॉर्डात तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

काही गोष्टी तुझ्या लिहिण्यावरून कळत नाहीत आणि त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे. सर्जननी ओपीडीत आजीला स्वतः मराठीत काही सांगितलं होतं का? आपल्याकडचे जुने सर्जन दोन्ही भाषा सराईत बोलतात, त्यामुळे ते शक्य आहे. आजीनंच कधी 'मला काही सांगू नका, लेकाला विचारा' असं म्हटलं होतं का? म्हटलं असेल तर तोही तिचा हक्कच. माहिती नको म्हणण्याचा अधिकार माणसाला आहे, फक्त ते तिनं म्हटलेलं असलं पाहिजे, मुलानं तिच्या वतीनं नव्हे. ती भ्रमात होती का, विस्मरणाचा आजार होता का? रात्री झोपेची गोळी दिली होती का आणि किती वाजता? गोळीच्या गुंगीत घेतलेला अंगठा मी कधी खरा धरत नाही. यातलं एक उत्तर बदललं तरी माझं मत थोडं हलेल.

आता सहीबद्दल. साक्षीदाराची सही म्हणजे काय, हे शाळेत आपल्याला कुणी नीट शिकवत नाही. इंजेक्शनच्या चार्टवर सही करतो तशीच तिथंही करतो. साक्षीदार म्हणून तू एवढंच सांगतेस की हाच तो माणूस, त्यानं माझ्यासमोर अंगठा दिला आणि कुणी हात धरून जबरदस्तीनं दिलेला नाही. सर्जननी धोके सांगितले का, पर्याय सांगितले का, याची जबाबदारी त्या सहीनं तुझ्यावर येत नाही. पण आपल्याकडच्या फॉर्मवर अंगठ्याच्या वरच छापलेलं असतं, 'मला समजेल अशा भाषेत सर्व समजावून सांगितले आहे.' त्याच्याखाली तुझं नाव. उद्या कुणी विचारलं, 'सिस्टर, कोणत्या भाषेत समजावलं, कुणी, किती वाजता?' तर तू काय उत्तर देशील?

मला हे एका बाईनं शिकवलं. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं असतील, एका लहान नर्सिंग होममध्ये होते. चिकोडीकडच्या मळ्यातली बाई, वय ३४, अंगावरून फार जायचं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी. डॉक्टर नवऱ्याशी बोलले, नवऱ्यानं होकार दिला, बाईचा अंगठा मी घेतला. महिन्यानं ती तपासणीला आली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, 'बाई, पाळी अजून आली नाही, कधी येईल?' तिला पिशवीतली गाठ काढणार हे ठाऊक होतं. पिशवीच काढणार हे ठाऊक नव्हतं. 'पिशवीची गाठ', 'पिशवीचं ऑपरेशन', 'पिशवी काढायची' हे सगळं एकाच दमात, नवऱ्याच्या तोंडून, अर्धवट ऐकलेलं. ऑपरेशन कदाचित योग्यच असेल, त्यावर मी बोलणार नाही. पण तिच्या प्रश्नाला मी तेव्हा जे पुटपुटले ते आठवलं की आजही मान खाली जाते.

पुढे कित्येक वर्षांनी नोकरीतल्या नर्सेससाठीच्या एका प्रशिक्षण वर्गात (सीएनई) समीरा कोहली खटला कळला तेव्हा तीच बाई डोळ्यांसमोर आली. घटना १९९५ची. ४४ वर्षांची अविवाहित स्त्री पाळीच्या तक्रारीसाठी दाखल झाली. संमती दुर्बिणीच्या तपासणीची आणि त्या अनुषंगानं लागेल तेवढ्याची. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली सांगितलं की पेशंट सज्ञान आहे, शुद्धीवर येणारच आहे आणि जीव वाचवण्याची घाई नाही, तर आईची संमती ही संमतीच नाही. एका कामासाठी दिलेली संमती दुसऱ्या कामाला चालत नाही. उपचार काय, कशासाठी, पर्याय कोणते, ठळक धोके कोणते, नाही म्हटलं तर काय होईल, हे सांगायला हवं. हजारात एखाद्याला होणारा प्रत्येक धोका मोजून दाखवा असं मात्र न्यायालयानं म्हटलेलं नाही. डॉक्टर लोकांच्या बाजूनं हेही लक्षात ठेवायला हवं. तुझ्या आजीच्या बाबतीत मुलाच्या सहीची किंमत यावरून काढ. घरच्यांना सामील करून घेणं माणुसकीचं आहे, पुढची सगळी सेवा तेच करणार आहेत. पण शुद्धीवर असलेल्या आजीच्या संमतीची जागा त्यांची सही घेत नाही. आणि 'गळू' समजून दिलेला अंगठा? गैरसमजुतीतून दिलेली संमती कायदा खरी धरत नाही, हे जुन्या दंडसंहितेतही होतं आणि नव्या न्यायसंहितेतही आहे.

भाषेचा मुद्दा तू एका वाक्यात उरकलास. माझ्या मते अर्धा घोळ तिथंच आहे. आपल्या भागात पेशंट मराठी, कागद कानडी-इंग्रजी, शिकाऊ डॉक्टर कलबुर्गी किंवा बेंगळूरकडचा, सिस्टर केरळची, आणि दुभाषी कोण? पेशंटचा मुलगा. म्हणजे ज्याला लपवायचंय तोच भाषांतर करणार! डॉक्टर तीन मिनिटं बोलतात आणि मुलगा आईला सांगतो, 'काही नाही, छोटं ऑपरेशन आहे म्हणतायत.' डॉक्टरना वाटतं समजावलं. शब्दही दगा देतात. एका निवासी डॉक्टरनी मोडक्यातोडक्या मराठीत नातेवाइकांना सांगितलं, 'कॅन्सरचं अनुमान आहे.' कानडीत अनुमान म्हणजे शंका. मराठीत अनुमान म्हणजे निघालेला निष्कर्ष. त्यांना म्हणायचं होतं 'शंका आहे, तपासू या', आणि ह्यांनी ऐकलं 'कॅन्सरच आहे'. घरातल्या बायका जिन्यातच रडायला लागल्या. रिपोर्ट साधा आला, पण ते आठ दिवस कुणी परत देणार आहे का? उलटंही होतं, मराठी सिस्टर आणि रायबागकडची कानडी आजी. सीमावाद राजकारणात काय व्हायचा तो होवो, खाटेजवळ दोन्ही बाजूंची म्हातारी माणसं सारखीच अडकतात.

म्हणून मी इनचार्ज झाल्यावर साधी पद्धत ठेवली होती. समजावताना नातेवाईक असू देत, पण भाषांतर वॉर्डातल्या माणसानं करायचं. दुभाषी झालीस तर डॉक्टरांचं वाक्य आहे तसं द्यायचं, गोड करायचं नाही आणि कडूही नाही. आजी जे विचारेल ते तसंच उलट पोचवायचं. फॉर्मवर लिहायचं, 'मराठीत अमुक सिस्टरनी भाषांतर केले.' आणि मग त्याच फॉर्मवर साक्षीदार दुसरं कुणी. शेवटी पेशंटला विचारायचं, 'आजी, उद्या तुमचं काय करणार आहेत, तुमच्या शब्दांत सांगा बघू.' 'समजलं का?' असं विचारलं तर सगळेच मान हलवतात. सांगायला लावलं की खरं कळतं. याला पाच मिनिटं जास्त जातात. सकाळी सहाला, ऑपरेशन थिएटरमधून फोन येत असताना, ही पाच मिनिटं सापडत नाहीत हे मला माहीत आहे. म्हणूनच कन्सेंट (समजावून घेतलेली संमती) आदल्या संध्याकाळच्या राउंडला झाला पाहिजे, आणि दुपारच्या ड्यूटीनं फाइल तपासून अपुरा असेल तर तेव्हाच ओरडलं पाहिजे.

आता रात्रीचे दोन. 'काही नाही, झोपा' आणि 'तुम्हाला कॅन्सर आहे' यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे. स्टूल ओढून बसायचं, म्हणजे आधी आजीला कळतं की ही पळून जाणार नाही. मग, 'तुम्हाला काय वाटतंय आजी?' बहुतेक वेळा त्यांना बरंच कळलेलं असतं. निपाणीतली एक विडी वळणारी मावशी मला म्हणाली होती, 'गळवाला कोण सुई टाकून तुकडा काढतं गं? आणि गळवासाठी माझी लेक मुंबईहून कशाला आली?' त्यानंतर, 'सगळं स्वतः ऐकायचंय, की मुलाशी बोललेलं बरं वाटेल?' आणि ती 'मला ऐकायचंय' म्हणाली तर, 'सकाळी डॉक्टर आले की मी सांगते तुम्हाला विचारायचंय म्हणून. मी शेजारी थांबते.' यात एकही शब्द खोटा नाही आणि तुझ्या अधिकाराबाहेरचाही नाही. मग काउंटरवर येऊन वेळ घालून नोट्समध्ये लिहायचं: पेशंटनं स्वतःच्या आजाराबद्दल विचारलं, ऑपरेशनबद्दल पूर्ण कल्पना नाही असं दिसतं, आरएमओंना (ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरांना) कळवलं. आणि खरंच कळवायचं. हा कागद तुला तर वाचवतोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकदा लिहिलेला प्रश्न सकाळी कुणालातरी उचलावाच लागतो.

मुलाला खलनायक करू नकोस. 'सांगू नका' म्हणणाऱ्या नातेवाइकांशी मी भांडून पाहिलंय, उपयोग शून्य. जिन्याजवळ, चहाच्या कपावर, 'तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?' असं विचारलं की माणूस बोलतो. 'आई खायचं सोडेल.' 'विहीर जवळ आहे.' ही भीती खरी असते, तिला उत्तर द्यावं लागतं. मी म्हणायचे, 'मी आपणहून जाऊन सांगणार नाही. पण तिनं मला विचारलं तर खोटं बोलणार नाही. आणि उद्या पट्टी सुटल्यावर छाती दिसणार नाही, तेव्हा काय सांगायचं ते आज ठरवू या.' या शेवटच्या वाक्यावर बरेच जण गप्प होतात. गळू म्हणून स्तन काढता येत नाही हो.

पण सांगितलं की सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. आमच्याच वॉर्डात एका बाईला सर्जननी सगळं नीट, तिच्या भाषेत, लेकीला शेजारी बसवून सांगितलं. अगदी पुस्तकात लिहावं तसं. दुसऱ्या दिवशी ती डिस्चार्ज मागून गेली आणि गोकाककडच्या कुण्या वैदूचं औषध करत बसली. वर्षभरानं आली ती जखम घेऊन. तिला फसवून ऑपरेशन केलं असतं तर ती जास्त जगली असती का? कदाचित. तरीही फसवायला हवं होतं असं मला म्हणवत नाही, आणि ती जखम धुताना माझे हात स्थिर होते असंही नाही. नाही म्हणण्याचा अधिकार असतो तेव्हा माणूस कधी कधी चुकीचं नाही म्हणतो. मात्र ती पहिल्यांदा गेली तेव्हा आठ दिवसांनी तिच्या लेकीला एक फोन करायला हवा होता. तो आमच्यापैकी कुणीच केला नाही.

राहिली इनचार्ज आणि नोकरी. दिवा लावून आपण शपथ घेतो ना, ती फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही, १८९३ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये तयार झाली. तिच्यात डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेनं मदत करीन असं वाक्य आहे, आणि आपल्या डोक्यात तेवढंच राहतं. १९७३ साली आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेनं आपल्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलं की परिचारिकेची पहिली जबाबदारी ज्याला शुश्रूषेची गरज आहे त्या माणसाशी. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेची संहिताही म्हणते की पेशंटला समजून-उमजून निवड करायला मदत करणं हे नर्सचं काम आहे. पण संहिता वाचून दाखवल्यानं इनचार्ज पाघळत नाहीत, मीही पाघळले नसते. 'मी सही करणार नाही' हे वाक्य सकाळी सहाला भांडण पेटवतं. त्याऐवजी म्हण, 'सिस्टर, आजी रात्री विचारत होत्या, त्यांना कल्पना नाही असं वाटतंय. सरांना एक फोन लावू का, की तुम्ही लावता?' बऱ्याच सर्जनना हे आधी कळलेलं हवंच असतं. ऑपरेशननंतर पेशंट किंचाळली की निस्तरावं त्यांनाच लागतं. फोन उचलला नाही आणि वरून 'कर सही' असंच आलं, तर सहीशेजारी वेळ घालून लिही, 'अंगठा माझ्यासमोर. समजावताना मी हजर नव्हते.' एवढं लिहिल्यावर कुणी तुला कामावरून काढेल असं मला वाटत नाही, पण तुझा दवाखाना मी पाहिलेला नाही. मूळ सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात अडकवून ठेवणाऱ्या जागाही मला माहीत आहेत. घरी तुझ्या पगारावर किती माणसं आहेत ते तुलाच ठाऊक, त्यामुळे किती ताणायचं हे मी इथून ठरवणार नाही. मीही पगारासाठी सह्या केल्या आहेत.

आता या आजीचं. जुन्या नोंदीत मागून काही घुसडू नकोस. लिहायचंच असेल तर आजची तारीख-वेळ घालून 'उशिरा केलेली नोंद' असं स्पष्ट लिही. आजी भिंतीकडे तोंड करते म्हणजे तिला बहुतेक कळलेलं आहे. तिच्याशी बोलताना 'डॉक्टरांनी सांगायला हवं होतं' असं ढकलू नकोस. 'आजी, त्या रात्री तुम्ही विचारलंत आणि मी टाळलं. माझं चुकलं,' एवढं पुरे. ती लगेच बोलेल असं नाही. न बोलता हाताचे व्यायाम करून घे, नाहीतर खांदा आखडेल. आणि सर्जनना आजच सांग, कारण काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला की केमो किंवा रेडिएशनचं ठरेल, त्याला पुन्हा कन्सेंट लागेल. पहिला हुकला तरी हा तुमच्या हातात आहे. त्या वेळी मुलगा दुभाषी नसेल आणि मराठी बोलणारं कुणीतरी खाटेशी बसलेलं असेल एवढं बघ. मुलाशी त्याआधी बोलून ठेव, तोही आता घाबरलेलाच असणार.

तिचा ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, कधी काढणार आहेत ते लिहिलं नाहीस. त्या दिवशीची सकाळची ड्यूटी कुणाशी बदलून मिळते का बघ.